ओ’ब्रायन : एका आयरिश आडनांवाचें देशांतर

मनुष्याला जन्मतःच मिळणाऱ्या मिळकतींत आडनांव ही एक विलक्षण मिळकत आहे. ती कमवावी लागत नाहीं, भावाभावांत वांटली तरी कमी होत नाहीं, आणि घरदार, जमीनजुमला, किंबहुना मायभूमि हातची गेली तरी ती बरोबर राहते. आयरिश लोकांच्या बाबतींत हें अक्षरशः खरें ठरलें. गेल्या तीन-चार शतकांत आयर्लंडमधून लक्षावधि माणसें बाहेर पडलीं. त्यांतील बहुतेकांची भाषा एकदोन पिढ्यांत विसरली गेली, चालीरीति बदलल्या, गांवाचें नांवहि नातवंडांच्या स्मरणांतून गेलें. आडनांव तेवढें मागें उरलें.

अशा आडनांवांपैकीं ‘ओ’ब्रायन’ हें एक प्रसिद्ध आडनांव होय. हजार वर्षांपूर्वीं शॅनन नदीच्या कांठीं जन्मास आलेलें हें नांव आज बोस्टनपासून सिडनीपर्यंत आणि ब्यूनॉस आयर्सपासून कलकत्त्यापर्यंत आढळतें. या नांवाच्या आरंभीं ‘ओ’ हें जें एक अक्षर आहे, तें कधीं मानानें मिरविलें गेलें, कधीं राजाच्या आज्ञेवरून सोडावें लागलें, कधीं धास्तीनें गळून पडलें आणि पुढें स्वाभिमानानें पुन्हां जोडलें गेलें. त्या एका अक्षराचा मागोवा घेतला म्हणजे आयर्लंडच्या इतिहासांतील बहुतेक मोठ्या घडामोडी ओळीनें भेटतात.

आयरिश भाषेंत या नांवाचा उच्चार साधारणतः ‘ओ ब्रीअन’ असा होतो. ‘ओ’ म्हणजे नातू, आणि व्यापक अर्थानें वंशज. जुन्या आयरिश भाषेंत त्याचें रूप ‘उअ’ असें होतें. दुसरीं कित्येक आयरिश नांवें ‘मॅक’ या शब्दानें सुरू होतात. त्याचा अर्थ पुत्र. तेव्हां ओ’ब्रायन म्हणजे ब्रायनचा वंशज, इतकाच या नांवाचा साधा अर्थ आहे. इंग्रजी लेखनांत ‘ओ’च्या पुढें स्वल्पविरामासारखी एक खूण वर काढलेली असते. आयरिश लेखनांत मात्र अशी खूण नसते. तेथें त्या अक्षराच्या माथ्यावर दीर्घ उच्चार दाखविणारी तिरपी रेघ असते. इंग्रजी लेखनांत ही रेघ नाहींशी झाली आणि अक्षराच्या बाजूला ती खूण आली. आयरिश भाषेंत स्त्रियांच्या नांवाचें रूपहि निराळें होतें. अविवाहित कन्येचें आडनांव ‘नी व्रिअन’, तर सुनेचें ‘ई व्रिअन’. इंग्रजींत जातांना हा भेद पुसला गेला, आणि पितापुत्र, मुली, सुना हीं सर्व माणसें एकाच रूपांत बसविलीं गेलीं.

पिढीगणिक न बदलतां वंशपरंपरेनें चालणारें आडनांव युरोपांत फार लवकर रूढ झालें तें आयर्लंडमध्यें. मठांतील भिक्षूंनीं वर्षवार लिहून ठेवलेल्या जुन्या नोंदींत इ. स. ९१६ मध्यें ओ’क्लेरी घराण्यांतील एका सरदाराच्या मृत्यूची नोंद आढळते, आणि ती अशा आडनांवाच्या अगदीं पहिल्या नोंदींपैकीं एक मानली जाते. ब्रायन राजानें हुकूम काढून सर्व आयरिश लोकांस आडनांवें घ्यावयास लावलीं, अशी एक लोककथा आहे. परंतु तिला आधार नाहीं. दहाव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंत एकेक घराणें आपल्या एखाद्या कर्तबगार पूर्वजाच्या नांवापाशीं थांबलें, आणि तेंच नांव पुढें चालत राहिलें. स्वतः ब्रायनला तर ओ’ब्रायन हें आडनांव नव्हतेंच. तो आपल्या बापाच्या नांवानें ब्रायन मॅक केनेटिग म्हणून ओळखला जात असे.

हा ब्रायन, ज्याला इतिहास ब्रायन बोरू म्हणून ओळखतो, इ. स. ९४१ च्या सुमारास जन्मला. आजच्या क्लेअर परगण्याच्या पूर्व भागांत ‘डाल गाश’ नांवाचें एक कुळ नांदत होतें. त्या कुळाच्या नायकाचा तो मुलगा. हें कुळ त्या काळीं आयर्लंडच्या मोठ्या राजकुळांत गणलें जात नव्हतें. ९७६ मध्यें वडील भावाचा खून झाल्यावर सत्ता ब्रायनच्या हातीं आली. त्यानें प्रथम दक्षिणेकडील मन्स्टर प्रांत ताब्यांत आणला आणि १००२ मध्यें उत्तरेकडील बलाढ्य राजाकडून आपलें श्रेष्ठत्व मान्य करवून घेऊन तो सर्व आयर्लंडचा अधिराज झाला. १००५ मध्यें तो आर्मा येथील धर्मपीठास गेला असतां त्यानें तेथें वीस औंस सोनें अर्पण केलें, आणि त्याच्या लेखकानें तेथील पवित्र ग्रंथांत आपल्या धन्याचा उल्लेख ‘आयरिश लोकांचा सम्राट’ असा करून ठेवला. तो ग्रंथ आजहि डब्लिन येथें सुरक्षित आहे.

ता. २३ एप्रिल १०१४, गुड फ्रायडे या दिवशीं डब्लिनजवळ क्लॉन्टार्फ येथें ब्रायनच्या सैन्याची लेन्स्टरचा राजा आणि डब्लिनचे नॉर्स लोक यांच्याशीं गांठ पडली. आयरिश लोकांनीं परकीय व्हायकिंगांस हुसकून लावलें तें हें युद्ध, अशी समजूत पुढें रूढ झाली. वस्तुतः आयरिश आणि नॉर्स असे दोन्ही लोक दोन्ही पक्षांत होते. ब्रायनच्या पक्षाचा जय झाला. परंतु वृद्ध ब्रायन, त्याचा मुलगा आणि नातू असे तीन पिढ्यांचे पुरुष त्या एका दिवसांत मारले गेले. विजय मिळाला, पण त्याचा उपभोग घेण्यास घराण्याचा कर्ता पुरुष उरला नाहीं.

यानंतर भाऊबंदकी आली. ब्रायनचे दोन मुलगे, टीग आणि डोना, यांच्यांत वैर पडलें. १०२३ मध्यें टीग मारला गेला, आणि त्या खुनामागें डोनाचा हात होता. पुढें टीगचा मुलगा टर्लो यानें चुलत्याशीं झुंज चालू ठेवून १०६३ मध्यें त्याला राज्यावरून दूर केलें. डोना यात्रेकरू होऊन रोमला गेला आणि तेथेंच १०६४ मध्यें वारला. हा टर्लो ब्रायनचा सख्खा नातू. त्याला लोक ‘ब्रायनचा नातू’ म्हणत, तेव्हां तें नातें शब्दशः खरें होतें. पुढील पिढीस तें शब्दशः लागू नव्हतें, तरी तिनेंहि तेंच म्हणवून घेतलें. नात्याचा शब्द होता तो घराण्याचें नांव झाला, तो या वळणावर.

पुढें सुमारें शतकभर ओ’ब्रायन हें राजांचें नांव होतें. टर्लोचा मुलगा मर्टो यानें १०८६ नंतर आपली सत्ता देशभर गाजविली, आणि ११०१ मध्यें मन्स्टरच्या राजांचें पुरातन पीठ जें कॅशेल, तें धर्मसंस्थेस दान केलें. परंतु हळूहळू राज्याचा संकोच होत गेला. ११७१ मध्यें इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री सैन्यासह आयर्लंडमध्यें उतरला, तेव्हां डोनल मोर ओ’ब्रायन यानें त्याचें स्वामित्व मान्य केलें. आणि तीनच वर्षांनीं, ११७४ मध्यें, थर्ल्स येथें त्याच परकी सरदारांच्या फौजेचा पराभव केला. लिमरिक शहरांतील सेंट मेरीचें प्रार्थनामंदिर याच राजाच्या काळांतील आहे. यानंतर ओ’ब्रायन घराणें थॉमंड, म्हणजे उत्तर मन्स्टर, या मुलखापुरतेंच उरलें. परंतु तेथें तें घट्ट पाय रोवून बसलें. १३१८ मध्यें डायसर्ट ओ’डे येथील लढाईंत नॉर्मन सरदार रिचर्ड डी क्लेअर मारला गेला, आणि त्यानंतर जवळजवळ सव्वादोनशें वर्षें थॉमंडमध्यें इंग्रजी अंमल चालला नाहीं.

या काळांत ‘ओ’ या अक्षराला एक विशेष अर्थ प्राप्त झाला होता. कुळांतील प्रत्येकजण ओ’ब्रायन होता. परंतु कुळाचा जो मुख्य, त्याला आपलें पहिलें नांव सांगण्याची गरज नसे. नुसतें ‘ओ’ब्रायन’ म्हटलें म्हणजे तो मुख्य समजावा, असा संकेत होता. ती एक पदवीच होती, आणि ती बापाकडून थोरल्या मुलाकडे आपोआप जात नसे. कुळांतील कर्त्या पुरुषांमधून लायक वारस निवडण्याची आयरिश रीत होती. इंग्रजी कायद्याला ही रीत मान्य नव्हती. इंग्रजांच्या ताब्यांतील पट्ट्यांत तर आयरिश नांवांवरच रोख होता. १३६६ च्या किल्केनी येथील कायद्यानें तेथील इंग्रजांस आयरिश नांवें घेण्याची मनाई केली. १४६५ च्या कायद्यानें डब्लिनच्या आसपासच्या परगण्यांत राहणाऱ्या आयरिश लोकांस एखाद्या गांवाचें, रंगाचें किंवा धंद्याचें इंग्रजी आडनांव घेण्याचा हुकूम केला. नांव बदललें कीं निष्ठा बदलते, असा राज्यकर्त्यांचा हिशेब होता.

हाच हिशेब १५४३ मध्यें थॉमंडपर्यंत पोंचला. आठवा हेन्री १५४१ मध्यें आयर्लंडचा राजा म्हणून घोषित झाला होता. आयरिश नायकांनीं आपला मुलूख राजाच्या स्वाधीन करावा आणि राजानें तोच मुलूख सनदेनें त्यांना परत द्यावा, असें धोरण त्यानें आंखलें. वतन तेंच, परंतु तें कुळाकडून मिळालेलें न राहतां राजाकडून मिळालेलें व्हावें, हा त्यांतील डाव. मरो ओ’ब्रायन ग्रीनिच येथील राजवाड्यांत गेला आणि थॉमंडचा अर्ल होऊन परतला. त्याला ज्या अटी मान्य कराव्या लागल्या, त्यांत ‘ओ’ब्रायन’ ही नायकपदवी कायमची सोडावी, इंग्रजी वेष आणि इंग्रजी रीति स्वीकाराव्या, या अटी होत्या. पांच शतकें जें नांव हीच सत्ता होती, तें सत्तेच्या बदल्यांत सोडण्याचा हा करार होता. थॉमंडची अर्लपदवी त्याच्या मागून पुतण्याकडे गेली. त्याच्या स्वतःच्या वंशास इंचिक्विनची बॅरनपदवी मिळाली.

या करारानें घराणें वांचलें, पण दुभंगलें. सतराव्या शतकांत या दुभंगाचें भयंकर स्वरूप दिसून आलें. इंचिक्विनचा सहावा बॅरन मरो ओ’ब्रायन हा प्रॉटेस्टंट संस्कारांत वाढला आणि इंग्लंडच्या पार्लमेंटच्या बाजूनें लढला. १६४७ मध्यें त्यानें कॅशेल लुटलें आणि तेथें आश्रय घेतलेल्यांची कत्तल केली. जें ठिकाण त्याच्या पूर्वजानें धर्मास दान केलें होतें, तें त्याच घराण्यांतील पुरुषानें उध्वस्त केलें. लोकांनीं त्याला ‘जाळपोळीचा मरो’ असें नांव ठेवलें. पुढें त्यानें पक्ष बदलला आणि अखेरीस धर्महि. याच्या उलट, एम्लीचा कॅथॉलिक बिशप टेरेन्स आल्बर्ट ओ’ब्रायन यानें लिमरिकच्या वेढ्यांत शहराला लढत राहण्याचा धीर दिला, आणि १६५१ मध्यें शहर पडल्यावर क्रॉम्वेलचा जांवई आयर्टन याच्या हुकुमानें तो फांशीं गेला. त्याच वर्षीं लेमनेह गढीचा धनी कॉनर ओ’ब्रायन लढाईंत घायाळ होऊन मेला. त्याच्या मरी नांवाच्या विधवेनें क्रॉम्वेलच्या सैन्यांतील एका अंमलदाराशीं लग्न केलें, आणि त्या मार्गानें आपल्या अल्पवयी मुलाची इस्टेट राखली. एकाच नांवाच्या तीन माणसांचे हे तीन मार्ग. त्यांतील कोण खरा ओ’ब्रायन, याचा निवाडा आडनांव करूं शकत नाहीं.

घराण्याची आणखी एक शाखा क्लेअरच्या व्हायकाउंटांची. १६८९ मध्यें राजा दुसरा जेम्स याच्यासाठीं या शाखेनें स्वतःच्या पलटणी उभारल्या. जेम्सचा पक्ष हरला; ३ ऑक्टोबर १६९१ रोजीं लिमरिकचा तह झाला, आणि त्यांतील सवलतीप्रमाणें सुमारें चौदा हजार आयरिश सैनिक सेनापति सार्सफील्डबरोबर फ्रान्सला निघून गेले. आयर्लंडमध्यें या देशत्यागी शिपायांना ‘रानहंस’ असें म्हणतात. ओ’ब्रायन नांवाचें पहिलें मोठें देशांतर तें हेंच. परक्या राजाच्या चाकरींत या घराण्याच्या पिढ्याच्या पिढ्या खर्ची पडल्या. चौथा व्हायकाउंट १६९३ मध्यें मार्साल्या येथें, तर पांचवा १७०६ मध्यें रामिली येथें प्राणघातक जखमी झाला. सहावा व्हायकाउंट चार्ल्स १७४५ मध्यें फाँतेन्वा येथें इंग्रजांविरुद्ध आयरिश ब्रिगेडचा नायक होता आणि १७५७ मध्यें तो फ्रान्सचा मार्शल झाला. त्याच्या मुलाबरोबर १७७४ मध्यें ही शाखा संपली.

सरदार परदेशीं गेले. कुळें मात्र जमिनीवर राहिलीं. त्यांच्यासाठीं अठरावें शतक अधिक कठीण होतें. १६९५ पासून कॅथॉलिकांवर निर्बंध घालणारे कायदे एकामागून एक झाले. जमीन विकत घेणें, शस्त्र बाळगणें, शाळा चालविणें, सरकारी हुद्दा धरणें, या सर्वांना मज्जाव झाला. अशा दिवसांत ‘ओ’ किंवा ‘मॅक’ हें अक्षर म्हणजे कपाळावर लिहिलेली जात झाली. जमीनदाराच्या कचेरींत, न्यायालयांत, पलटणीच्या पटावर इंग्रज कारकून नांव लिही, तें आपल्या कानाला जसें लागे तसें. ओ’ब्रायनचा ‘ब्रायन’, ‘ब्रीन’, ‘ब्रायंट’ असें कांहींहि होई. कित्येकांनीं तें अक्षर भीतीनें सोडलें, कित्येकांनीं सोयीसाठीं. आणि पुष्कळांचें तें कारकुनानेंच सोडविलें, कारण त्यांना स्वतःला लिहितां येत नव्हतें. एकाच घरांतील दोन भावांचीं नांवें दोन कागदांवर दोन प्रकारें लिहिलेलीं सांपडतात, तीं यामुळेंच.

आयर्लंडचें सर्वांत मोठें देशांतर घडविलें तें एका रोगानें. १८४५ मध्यें बटाट्याच्या पिकावर करपा पडला. देशांतील गरीब शेतकऱ्यांचें मुख्य अन्न बटाटा हेंच होतें. लागोपाठच्या वर्षांत पीक बुडालें, आणि १८५२ पर्यंतच्या काळांत सुमारें दहा लाख माणसें भुकेनें व सांथींनीं मेलीं, तर सुमारें दहा लाख देश सोडून गेलीं. क्लेअर परगण्याची लोकसंख्या १८४१ मध्यें २ लाख ८६ हजार होती. १८५१ मध्यें ती २ लाख १२ हजारांवर आली. दुष्काळाच्या जोडीला जमीनदारांचे जुलूमहि होतेच. क्लेअरच्या पश्चिमेकडील किलरश विभागांत १८४७ ते १८५० या काळांत सुमारें वीस हजार माणसांना घराबाहेर काढण्यांत आलें, आणि त्यांचीं छपरें पाडण्यांत आलीं. ब्रायनच्या मुलखांतील ब्रायनचेच नांवकरी भाऊ असे रस्त्यावर आले. लाकूड वाहणाऱ्या जहाजांच्या तळाशीं बसून त्यांतील कित्येक कॅनडाला निघाले. क्वेबेकजवळच्या ग्रॉस इल बेटावर एकट्या १८४७ सालीं पांच हजारांहून अधिक देशांतरित पुरले गेले.

त्याच काळांत ब्रायनच्या वंशांतील एका सरदारपुत्राला सक्तीनें देशांतर करावें लागलें. विल्यम स्मिथ ओ’ब्रायन हा ड्रोमोलंड गढींत १८०३ मध्यें जन्मला. धर्मानें प्रॉटेस्टंट, शिक्षण हॅरो व केंब्रिज येथें, पार्लमेंटचा सभासद. म्हणजे १५४३ च्या करारानें इंग्रजी राज्यांत सामावून घेतलेल्या शाखेचा हा वारस. दुष्काळांत राज्यकर्त्यांनीं दाखविलेल्या उदासीनतेनें तो ‘तरुण आयर्लंड’ या राष्ट्रीय पक्षाचा पुढारी झाला, आणि जुलै १८४८ मध्यें टिपररींतील बॅलिंगॅरी येथें त्यानें उठाव केला. भुकेनें खंगलेल्या लोकांचा तो उठाव एका दिवसांत चिरडला गेला. त्याला देहदंड सांगण्यांत आला. नंतर तो सौम्य करून त्याला ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील, आज टास्मानिया म्हणून प्रसिद्ध असलेल्या बेटावर हद्दपार करण्यांत आलें. १८५४ मध्यें सशर्त सुटका, १८५६ मध्यें पूर्ण माफी, आणि १८६४ मध्यें वेल्समध्यें मृत्यु, असा त्याचा पुढील क्रम आहे. डब्लिनच्या मुख्य रस्त्यावर आज त्याचा पुतळा उभा आहे. त्याचा नातू कॉनर ओ’ब्रायन यानें १९२३ ते १९२५ या काळांत एका लहानशा शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या नौकेचें नांव ‘सीर्शा’, म्हणजे स्वातंत्र्य.

नव्या देशांत या नांवाचें काय झालें, हें कांहीं व्यक्तींवरून दिसतें. अमेरिकेंत तें दुष्काळापूर्वींच पोंचलें होतें. जून १७७५ मध्यें मेन प्रांतांतील माचायस बंदरांत जेरेमाया ओ’ब्रायन यानें भावांसह आणि गांवकऱ्यांसह ‘मार्गारेटा’ हें ब्रिटिश लढाऊ गलबत पकडलें. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांतील समुद्रावरची ती पहिली चकमक. दुसऱ्या महायुद्धांत त्याच्या नांवाचें एक मालवाहू जहाज बांधलें गेलें. १९४४ च्या नॉर्मंडीवरील स्वारींत त्यानें भाग घेतला, आणि आजहि तें सॅन फ्रान्सिस्को येथें जतन करून ठेवलें आहे. दक्षिण अमेरिकेंत विकलो परगण्यांतून गेलेला जॉन थॉमंड ओ’ब्रायन हा सेनापति सान मार्टिन याचा निकटचा अंमलदार होता, आणि १८१७ मध्यें अँडीज पर्वत ओलांडणाऱ्या सैन्यांत तो होता. त्याच्या नांवांतील ‘थॉमंड’ हा शब्दच सांगतो कीं, इतक्या दूरहि त्या जुन्या राज्याची आठवण जागी होती.

बोस्टनमध्यें आयरिश माणसाला नोकरी नाकारली जात होती, असे दिवस फार मागें गेले नव्हते, तोंच १८८४ मध्यें ह्यू ओ’ब्रायन या आयर्लंडमध्यें जन्मलेल्या कॅथॉलिक गृहस्थाची नगराध्यक्षपदीं निवड झाली. त्या शहराच्या इतिहासांत असें प्रथमच घडत होतें. कॉर्क परगण्यांतून आलेल्या आईबापांचा मुलगा लॉरेन्स ओ’ब्रायन यानें १९६० मध्यें जॉन केनेडी यांची अध्यक्षपदाची मोहीम चालविली. १९७२ मध्यें वॉटरगेट इमारतींत चोरून शिरलेले लोक डेमोक्रॅटिक पक्षाच्या ज्या कचेरींत पकडले गेले, तिचा प्रमुख तोच होता.

हिंदुस्थानांत हें नांव आलें तें बहुधा ब्रिटिश फौजेच्या आणि कारभाराच्या वाटेनें. १८२५ ते १८५० या काळांत ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील गोऱ्या शिपायांपैकीं जवळजवळ निम्मे आयरिश होते. घरीं जमीन नाहीं, म्हणून ज्या राज्यानें ती घेतली त्याच राज्याच्या पगारावर दुसऱ्याच्या देशांत राहावयाचें, असा हा विचित्र योग होता. यांतील कांहीं कुटुंबें येथेंच राहिलीं आणि अँग्लो-इंडियन समाजांत मिळून गेलीं. कलकत्त्यांतील ओ’ब्रायन कुटुंब त्या समाजांतील सुप्रसिद्ध कुटुंबांपैकीं एक. नील ओ’ब्रायन यांनीं १९६७ मध्यें कलकत्त्यांत भारतांतील पहिली खुली प्रश्नमंजूषा घेतली, असें मानलें जातें. त्यांचे चिरंजीव डेरेक ओ’ब्रायन २०११ मध्यें राज्यसभेचे सभासद झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं आयर्लंडमध्यें वारें पालटलें. १८९३ मध्यें आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठीं ‘गेलिक लीग’ स्थापन झाली. गळलेलें ‘ओ’ आणि ‘मॅक’ पुन्हां लावण्याची चळवळ सुरू झाली. ज्यांच्या आजोबानें सही ‘ब्रायन’ अशी केली, ते नातू ‘ओ’ब्रायन’ अशी सही करूं लागले. १८९० च्या जन्मनोंदींवरून सरकारी अंमलदार मॅथिसन यानें जो अंदाज केला, त्यांत ओ’ब्रायन हें आयर्लंडमधील सहाव्या क्रमांकाचें आडनांव ठरलें; त्या नांवाचीं सुमारें ३३,४०० माणसें तेव्हां देशांत होतीं.

इतकीं माणसें, तर मग तीं सर्व ब्रायन बोरूचे वंशज समजावयाचीं काय? पुष्कळांची तशी श्रद्धा असते, आणि आडनांव त्या श्रद्धेला खतपाणी घालतें. परंतु इतिहास इतका सरळ नाहीं. किल्केनीकडील कित्येक ‘ब्रायन’ हे मूळचे नॉर्मन. त्यांचा थॉमंडशीं संबंध नाहीं. कुळाच्या आश्रयाला राहिलेल्या माणसांनींहि नायकाचें नांव घेतलें असण्याचा संभव आहे. जीवशास्त्रानें अलीकडे या प्रश्नावर थोडा प्रकाश टाकला आहे. पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या ‘वाय’ गुणसूत्रावर ‘एल २२६’ या नांवानें ओळखली जाणारी एक खूण डाल गाश मुलखांतील घराण्यांत विशेष प्रमाणांत आढळते, आणि कांहीं ओ’ब्रायन घराण्यांतहि ती सांपडली आहे. तरीपण या खुणेवरून एक विशिष्ट कुळ सिद्ध होतें, एक विशिष्ट राजा नव्हे. शिवाय हा धागा पुरुषांच्याच ओळीनें जातो. ज्या घरांत मुलीच झाल्या, त्या घराचा ब्रायन या शास्त्राला दिसत नाहीं.

कागदोपत्रीं शोध घेण्याची वाटहि खडतर आहे. आयर्लंडच्या यादवी युद्धांत ३० जून १९२२ रोजीं डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतींतील सरकारी दप्तरखान्याला आग लागून शतकांचें दप्तर जळालें. १८६१ ते १८९१ या चार शिरगणतींचीं मूळ पत्रकें तर सरकारनेंच आधीं नष्ट केलेलीं होतीं. १९०१ आणि १९११ च्या शिरगणत्या, दुष्काळाच्या सुमाराची जमिनीच्या आकारणीची नोंद, आणि चर्चमधील बाप्तिस्म्याचीं पुस्तकें, यांवर भिस्त ठेवावी लागते. अमेरिकेंतील जुन्या कागदांत जन्मस्थान म्हणून बहुधा एकच शब्द असतो, ‘आयर्लंड’. परगणा नाहीं, गांव नाहीं. अशा वेळीं शोधणाऱ्याला आडनांवच धरून मागें जावें लागतें, आणि तें आडनांव ज्या कारकुनानें लिहिलें, त्याच्या कानावर विसंबून राहावें लागतें.

आडनांवाची साक्ष कोठपर्यंत मानावी, हें यावरून समजतें. त्यावरून रक्त निश्चितपणें ठरत नाहीं, पक्ष तर मुळींच ठरत नाहीं. कॅशेल जाळणारा आणि लिमरिकला फांशीं जाणारा, दोघेहि ओ’ब्रायनच होते. परंतु एका समाजावर काय काय गुजरलें, याची खूण तें नांव अंगावर वागवितें. राजपद, करार, हद्दपारी, भूक, समुद्रप्रवास आणि पुनरागमन, या सर्वांचे डाग त्यावर उमटलेले आहेत. आणि तें राजाच्या वंशजाइतकेंच ग्रॉस इलच्या मातींत निनांवी पुरलेल्या माणसाचेंहि आहे.

पूर्व क्लेअरमधील ट्वामग्रॅनी या गांवीं १९३० मध्यें जन्मलेल्या एडना ओ’ब्रायन या लेखिकेची पहिली कादंबरी १९६० मध्यें प्रसिद्ध झाली. आयर्लंडमध्यें तिच्यावर बंदी घालण्यांत आली. लेखिकेचें आयुष्य लंडनमध्यें गेलें. जुलै २०२४ मध्यें त्या वारल्या, तेव्हां त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांना शॅनन नदीच्या लॉख डर्ग या सरोवरांतील इनिश कॅल्ट्रा बेटावर पुरण्यांत आलें. दहा शतकांपूर्वीं याच बेटावरील मठाचा महंत मार्कन नांवाचा पुरुष होता. तो ब्रायन बोरूचा भाऊ होय.